बायजीपुऱ्याची हार्पवाली

आधी एक सांगते, मग पुढचं. परवा एक पेपरवाला आला होता माझ्याकडं. बसला, चहा पिला, अन् विचारतो, "आजी, त्या सगीराबाई तुमच्या हॉटेलात मोलकरीण होत्या ना? मग जॅझ कशा वाजवायला लागल्या?" मी म्हणलं, माती पडो तुझ्या तोंडात. मोलकरीण कुणी सांगितलं तुला? पिंजारीण होती ती, पिंजाऱ्याची पोरगी, कापूस पिंजायची. अन् हॉटेलात तिला मी आणली. मी, द्वारकाबाई, गंगापूरची. हे लिहून घे, म्हणलं. त्यानं काय लिहिलं नाय. फोटो काढला अन् गेला. म्हणून आता मीच सांगते सगळं, आणि मधी कुणी बोलायचं नाय.

सगीरा हैदर पिंजारी आता पंचाहत्तरीला टेकली. बायजीपुऱ्यात राहते, अजून दोन पोरींना शिकवते. वीस-बावीस वर्षं तिनं औरंगाबादच्या स्टेशनाकडच्या आमच्या हॉटेलात हार्प वाजवली. ज्यांनी बघितली नाय त्यांना सांगते, हार्प म्हणजे माणसापेक्षा उंच लाकडी कमान, तिच्यात वरून खाली सत्तेचाळीस ताती, म्हणजे सतारीला तारा असतात तशा, अन् दोन्ही हातांच्या बोटांनी छेडायच्या. तिनं ती मुंबईला जाऊन वाजवली, पुण्याला वाजवली. एकदा रेडिओवर लागली तेव्हा मी अख्खी गल्ली गोळा केली होती, ज्यांना ऐकायचं नव्हतं त्यांनापण बसवलं. पण हे सगळं एका आठवड्यात बुडालं असतं. कुणामुळं बुडालं असतं अन् कसं वाचलं, तेच सांगायचंय.

पोलीस ॲक्शन झाली, निजाम गेला, त्याच्या मागं जहागिऱ्या गेल्या. एका जहागीरदाराच्या हवेलीतलं सामान विकायला निघालं. आमच्या हॉटेलच्या मालकानं झुंबरं घेतली, आरसे घेतले, अन् हवेलीतल्या बेगमसाहेबांनी कधीकाळी विलायतेहून आणलेली ती हार्पही उचलली. वाजवायला नाय हं, शोभेला. लॉबीत कुंडीशेजारी उभी करून ठेवली. मी एकसष्ट साली हॉटेलात लागले. माझ्याकडं चादरी, उशा, गाद्या. वेरूळ-अजिंठा बघायला गोरे लोक यायचे, त्या हार्पशेजारी उभं राहून फोटो काढायचे अन् तुटक्या तातींकडं बोट दाखवून हसायचे. मला असा राग यायचा! हार्प काय माझ्या बापाची नव्हती, पण हॉटेल माझं होतं ना.

दर साल दिवाळी झाली की गाद्या उसवून कापूस पिंजायचा. त्यासाठी हैदरभाई यायचे. खांद्यावर पिंजण. आता गाद्या मशीनवर भरतात, म्हणून पोरांना पिंजण माहीत नाय. पुरुषभर लांब लाकूड, त्याला बकऱ्याच्या आतड्याची एक तात ताणून बांधलेली. ती तात कापसात धरायची अन् लाकडी मुठीनं तिच्यावर ठोका द्यायचा. तात थरथरली की कापूस उडतो, मोकळा होतो. सगळं काम कानावर. तातीचा आवाज बरोबर लागला तर कापूस फुलतो, आवाज उतरला तर गोळेच राहतात.

सहासष्टच्या दिवाळीनंतर हैदरभाई आले ते रिकाम्या खांद्यानं. सायकलवरून पडून उजवा खांदा निखळला होता. पिंजण त्यांच्या मागं त्यांच्या पोरीच्या खांद्यावर. अठरा-एकोणीस वर्षांची, काटक, ओढणी कमरेला घट्ट बांधलेली. फाटकावरचा वॉचमन खदाखदा हसला. "अगं, मर्द मानूस कुठाय?"

सगीरा म्हणली, "मर्द मानसाला येती का पिंजता? येत असंल तर या, ही घ्या पिंजण."

वॉचमननं फाटक उघडलं. त्याच दिवशी मला ही पोरगी आवडली, खोटं कशाला बोलू. मागच्या अंगणात बसून तिनं सहा दिवसांत चाळीस गाद्यांचा कापूस उडवला. केसांत कापूस, भुवयांवर कापूस, नुसती म्हातारी दिसायची.

शेवटच्या दिवशी भरलेली गादी घेऊन ती माझ्या मागं वर चालली होती. लॉबीचं दार उघडं होतं. तिथंच थांबली. गादी डोक्यावर तशीच.

"मावशी, ही एवढी मोठी पिंजण कुणाची?"

मला हसू फुटलं. म्हणलं, पिंजण नाय बाई, वाजवायची वस्तू हाय. तिनं गादी खाली ठेवली, जवळ गेली, अन् एका बोटानं एक तात ओढली. कान लाकडाला लावला. मग दुसरी, मग तिसरी. मी इकडं घाबरले, मॅनेजर बघंल म्हणून. ती म्हणती कशी, "खालच्या अकरा तारेच्या हायेत, त्या चांगल्या. वरच्या आतड्याच्या. चौदा तुटल्यात, बाकीच्या बी सडायला लागल्यात. लावून देऊ का? ताती अब्बा वळतेत घरी."

तेव्हाचा जुना मॅनेजर भला माणूस. म्हणला, लाव, फक्त मोडू नको. दोन दिवसांनी सगीरा चौदा ताती घेऊन आली. जाड, मध्यम, बारीक. किल्लीनं एकेक ताणायची, शेजारच्या दोघींचा आवाज ऐकायची, यांच्या मधी कोण बसंल ते कानानंच ठरवायची. तिला कुणी सारेगम शिकवलेलं नव्हतं. संध्याकाळ होईस्तोवर हार्प बोलायला लागली, अन् जेवणघरातून मास्तर धावत आले.

मास्तर म्हणजे आमच्या हॉटेलच्या बँडचे पुढारी. गोव्याचे, सॅक्सोफोन वाजवायचे. सगळे त्यांना मास्तरच म्हणायचे. त्यांच्या बँडमध्ये एक जाडजूड आवाजाचा, माणसाएवढ्या सारंगीसारखा बास होता, औरंगपुऱ्यातल्या लग्नाच्या बँडमधून उचलून आणलेला बन्सी ड्रमवर होता, अन् एक पियानो होता. होता म्हणायचं, कारण त्याला वाळवी लागली होती. झाकण उचललं की भुसा उडायचा. मास्तर रोज त्या पियानोला शिव्या घालायचे. त्या दिवशी गळ्यात नॅपकिन तसाच, हातात पाव तसाच, मास्तर हार्पपुढं उभे.

"हे कुणी केलं?"

"मी," सगीरा म्हणली. "काय चुकलं का?"

मास्तरांनी तोंडानं एक धून म्हणली. "हे काढ." तिनं चाचपडत काढली. पुन्हा म्हणली. या वेळी तिनं काढली अन् शेवटी आपलं काहीतरी दोन सूर जास्तीचं जोडलं. मास्तर वळून माझ्याकडं बघतात. म्हणले, "द्वारकाबाई, ह्या पोरीला सोडू नका हां."

म्या नाय सोडलं. हैदरभाईंना जाऊन सांगितलं, पोरीला हॉटेलात शिवणाला ठेवते, गाद्यांच्या खोळी, पडदे, उशा. हैदरभाईंनी हो म्हणलं. हे खोटं मी बोलले, सगीरा नाय. एक तर मोहल्ल्यात आधीच कुजबुज, हैदरची पोरगी पिंजण घेऊन फिरती म्हणून. त्यात हॉटेलात वाजवती कळलं असतं तर काय झालं असतं? अन् दुसरं, हैदरभाई मोठे मानी. एकदा मी सहज म्हणलं होतं, आत येऊन बँड ऐका की. ते म्हणले, "ज्या मागच्या दारानं मी गादी आणतो, त्या दारानं गाणं ऐकायला येत नाय, बाई."

तर दुपारी पडदे शिवायचे अन् तीनपासून मास्तरांपुढं बसायचं. शिकवायला मास्तरांना तरी कुठं हार्प येत होती? ते सॅक्सोफोनवर वाजवायचे, ती हार्पवर शोधायची. खाली पायानं दाबायच्या पट्ट्या होत्या, त्या कशाला असतात हे दोघांनी मिळून महिनाभर भांडून शोधलं. पहिल्याच दिवशी मास्तर ओरडले, "पोरी, उलटं बसलीस! फोटोत मी बघितलंय, हार्प उजव्या खांद्यावर टेकवतात." पण पिंजारी पिंजण डाव्या हातात धरतो अन् उजव्यानं ठोका देतो. सगीराच्या अंगात तेच. तिनं हार्प डाव्या खांद्यावर घेतली होती. त्यामुळं तिचा उजवा हात, म्हणजे ठोक्याचा हात, खालच्या जाड तातींकडं मोकळा राहायचा. मास्तरांनी आठ दिवस उजव्या खांद्यावर बसवून बघितलं. ती म्हणायची, "हात बांधल्यावानी वाटतंय." शेवटी मास्तरांनी डोक्याला हात लावला अन् म्हणले, बस बाई, कशीपण बस.

तेच तिचं झालं. दुसरीकडं हार्प म्हणजे गुळगुळीत, झुळझुळ, असं मी नंतर ऐकलं. सगीराची हार्प धडकी भरवायची. खालच्या तातींवर ठोका पडायचा अन् लगेच तळहातानं ती तात गप करायची, पिंजारी करतो तसं. वर डाव्या हाताची बोटं पळायची. बन्सी म्हणायचा, "हिच्यापुढं माझा ढोल कशाला ठेवलाय?" पण मनातून खूश. जॅझ म्हणजे काय हे मलापण कळत नव्हतं. धून एकच, पण दर वेळी वाजवणारा तिला नव्या वाटेनं नेतो, अन् बाकीचे त्याच्या मागं. मी सगीराला विचारलं, तुला कसं कळतं कुठं वळायचं? ती म्हणली, "मावशी, कापसाचा प्रत्येक गोळा येगळा असतो. ठोका आधी ठरवून बसलं तर कापूस उडंल का? तो जसा आला तसा ठोका द्यायचा." पहिल्यांदा मला जॅझ कळलं ते तेव्हा.

असं सात वर्षं चाललं. गोरे लोक जेवण सोडून ऐकायचे. वेरूळ बघून आलेली एक म्हातारी तर सलग तीन दिवस थांबली, चौथ्या दिवशीचं तिकीट रद्द केलं. सगीराचं लग्न झालं. नवरा शौकत, मोटार दुरुस्तीवाला, साधा गडी, तिचं वाजवणं ऐकायला फाटकाबाहेर सायकलवर बसायचा. त्याला सगळं माहीत होतं. माहीत नव्हतं फक्त हैदरभाईंना, असं आम्ही समजत होतो. जुन्या ताती एकेक करून तुटत गेल्या, त्या जागी हैदरभाईंच्या लागत गेल्या. शेवटी आतड्याच्या छत्तीसच्या छत्तीस त्यांच्याच झाल्या. मोहल्ल्यात कुणी विचारलं तर ते म्हणायचे, "पोरगी हॉटेलात गाद्या भरती."

अन् खरं सांगू, हॉटेलच्या हजेरीपटावर तिचं नाव तसंच होतं. गादीकाम. सात वर्षं बँडमध्ये वाजवून गादीकाम! जुना मॅनेजर म्हणायचा, करतो, करतो. तो गेला, अन् चौऱ्याहत्तर लागताच नवा आला.

हा नवा मॅनेजर सुटाबुटातला, बोलायला साखर. त्याच जानेवारीत परदेशी पाहुण्यांची मोठी मंडळी वेरूळ बघून दुपारी जेवायला आमच्याकडं येणार होती. हजेरीपट चाळता चाळता त्यानं मला बोलावलं. "ही हार्प वाजवणारी गादीकामवाली आहे?"

म्हणलं, व्हय. पण वाजवती अशी की...

"पाहुण्यांना हे कळलं तर आपली शोभा होईल. मुंबईहून शिकलेल्या बाई बोलावल्यात, उद्या सकाळी पोचतील. यापुढं त्याच येत जातील. हिला परत अंगणात पाठवा."

आता इथं माझी चूक सांगते, लपवत नाय. मी भांडायला पाहिजे होतं. मी भांडखोर म्हणून गंगापुरापासून ओळखतेत लोक मला. पण त्या दिवशी मी गप बसले. अन् वरून सगीराला जाऊन म्हणलं, "चार दिवस गप राहा, पोरी. साहेब नवा हाय. बघू नंतर." जीभ झडायला पाहिजे होती माझी.

सगीरा पडदा शिवत होती. मशीन थांबवलं. एवढंच म्हणली, "मावशी, मला खुर्ची पाहिजे. बँडमधली माझी खुर्ची. ती गेली तर मी परत मिळवू शकणार नाय, दुसरी हार्प नाय या गावात." डोळे भरले होते, पण रडली नाय. मग विचारती, "हार्प कुणाची, मावशी?"

"हॉटेलची."

"अन् ताती?"



पिंजाऱ्याची एक रीत असते. काम संपलं की तो पिंजणीची तात उतरवतो, गुंडाळतो अन् घरी नेतो. उद्या परत त्याच घरी यायचं असलं तरी पिंजण गिऱ्हाइकाच्या ओसरीवर राहती, तात नाय राहत. तात म्हणजे पिंजाऱ्याची रोजी, ती परक्या छपराखाली ठेवत नायत. सात वर्षं सगीरानं ही रीत मोडून ताती हॉटेलात ठेवल्या होत्या, कारण तिला ते छप्पर परकं वाटत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, नाष्ट्याच्या टायमाला, सगळ्यांच्या देखत ती किल्ली घेऊन हार्पपुढं बसली. वॉचमनला वाटलं सूर लावती. वेटरला वाटलं ताती बदलती. तिनं निवांत एकेक तात सैल केली, काढली, गुंडाळली, उशीच्या खोळीत भरली. छत्तीस. तारेच्या अकरा हॉटेलच्या होत्या, त्यांना हात लावला नाय. मग समोरून मला सलाम केला अन् खोळ काखेत मारून चालती झाली.

मॅनेजर लॉबीत आला तेव्हा त्या एवढ्या मोठ्या कमानीत खाली अकरा तारा, वर नुसतं आभाळ. मग काय विचारता! "चोरी! पोलिसांत देतो!" म्हणून नाचायला लागला. तिथं मात्र माझं डोकं फिरलं. सात वर्षांचं अन् आदल्या दिवशीचं, सगळंच बाहेर आलं. म्हणलं, "साहेब, कशाची चोरी? सात वर्षांत हॉटेलनं एक तात आणल्याची चिठ्ठी दाखवा मला. एक! गादी तुमची असती, कापूस तुमचा असतो, पिंजाऱ्याची तात कधी तुमची झाली? अन् बोलवायचे तर बोलवा पोलीस, मीच सांगते त्यांना सगळं." लॉबीतले पाहुणे बघायला लागले. मॅनेजरचा आवाज खाली आला.

मुंबईची बाई त्याच सकाळच्या गाडीनं आली. चांगली बाई होती, मी उगाच तिच्यावर आधीच दात धरून बसले होते. हार्प बघून ती खो खो हसली. मग मॅनेजरला म्हणली, "या ताती मुंबईत मिळत नाहीत. परदेशातून मागवते मी, सहा-सहा महिने येत नाहीत. इथं होत्या त्या कुणी बनवल्या?" मास्तरांनी तिला सांगितलं. ती म्हणली, "मग मला इथं कशाला बोलावलं? आधी त्या माणसाकडं चला."

मॅनेजर, ती बाई, मास्तर अन् मी, हॉटेलच्या गाडीतून बायजीपुऱ्यात गेलो. गाडी गल्लीत शिरंना, पुढं चालत. हैदरभाई दारात रजई भरत बसले होते. खांदा कधीच नीट बसला नव्हता, तरी हाताला काम. खोळ घेऊन माहेरी आलेली सगीरा चौकटीत उभी राहिली.

मॅनेजर एकदम बोलून गेला, "तुमची मुलगी आमच्याकडं हार्प वाजवते, तिला जरा समजवा."

सात वर्षांचं खोटं, माझं, असं भर गल्लीत उघडं पडलं. मी म्हणलं, "हैदरभाई, मी तुम्हाला शिवणाचं सांगितलं होतं..."

हैदरभाईंनी मान वर केली नाय. कापूस सारखा करत म्हणले, "बाई, केसाएवढी बारीक तात कोणत्या गादीला लागती? पहिल्या साली कळलं मला."

मला हसावं का रडावं ते कळंना. मास्तर मात्र मोठ्यानं हसले.

सगीरा पुढं आली. घाबरलेली वगैरे काय नाय, ताठ. म्हणली, "साहेब, ताती लावते. हजेरीपटावर माझं नाव बँडमध्ये घाला. खुर्ची माझी. अन् उद्या दुपारी अब्बा मोठ्या दारानं आत येतील, टेबलावर बसून ऐकतील."

मॅनेजरनं हो म्हणलं. म्हणणार नाय तर काय करंल, उद्या पाहुणे. पण हैदरभाईच अडून बसले. "मी नाय येणार. माझं काय काम तिथं?"

"मग ताती बी नाय येणार," सगीरा म्हणली, अन् आत गेली.

हैदरभाईंनी सुई रजईत खोचली. मग मला म्हणले, "बाई, हिची आई बी अशीच होती. किती वाजता यायचं?"

दुसऱ्या दिवशी दुपारी हैदरभाई मोठ्या दारानं आले. वॉचमननं सलाम ठोकला. धुतलेला पांढरा कुडता, डोक्यावर टोपी, अन् एवढं करून कानाच्या मागं कापूस चिकटलेलाच. मीपण त्यांच्या टेबलावर बसले. तेरा वर्षं त्या जेवणघराच्या चादरी धुवून घेतल्या मी, खुर्चीवर पहिल्यांदा टेकले. शेजारी मुंबईची बाई. मॅनेजर दारात उभा, त्याचं सगळं लक्ष पाहुण्यांवर.

मास्तरांनी सुरुवात केली, बन्सीनं ड्रमवर तारांचे ब्रश फिरवले, अन् सगीरा डाव्या खांद्यावर हार्प घेऊन गाण्यात शिरली. मुंबईच्या बाईनं तो खांदा बघितला अन् पुढं वाकली. खालच्या तातींचा ठोका पडला तसे पाहुण्यांचे काटे-चमचे थांबले. हैदरभाई मात्र खाली बघत होते, टेबलाच्या कापडाकडं. म्हणलं, बघा ना हो, एकदा तरी बघा तिच्याकडं.

ताती काढून परत लावल्या की आवाज धरून राहायला दोन-तीन दिवस घेतात, अन् इथं मिळाली होती एक रात्र. मधल्या तातींमध्ये कुठंतरी आवाज उतरला. मला कळला नाय. पाहुण्यांना कळला नाय. सगीरा स्वतः भरात होती. हैदरभाई ताडकन उभे राहिले अन् भरल्या जेवणघरात पिंजाऱ्याच्या आवाजात ओरडले, "सगीरा! नववी तात उतरली!"

सगळं जेवणघर वळलं. मॅनेजरचा चेहरा पांढरा फटक. सगीरानं हात वर केला, बन्सी थांबला, मास्तरांनी सॅक्सोफोन खाली घेतला. तिनं किल्ली लावली, नववी तात छेडली अन् बापाकडं बघितलं. हैदरभाईंनी बोट वर केलं, अजून. तिनं ताणली. अजून थोडी. बस, म्हणून त्यांनी हात आडवा केला. मग त्या बाप-लेकींनी भरल्या जेवणघरात एकमेकांकडं बघून असं हसून घेतलं, की मी पदरात तोंड घालून रडले, कुणी बघतंय का याची फिकीर केली नाय.

बन्सीनं चार ठोके मोजले अन् सगीरा सुटली. तसं तिला मी आधी कधी ऐकलं नव्हतं, नंतरपण क्वचितच. पाहुणे उभे राहून टाळ्या वाजवत होते. त्यांना वाटलं, मधलं ते ओरडणं कार्यक्रमातलंच होतं. त्यांच्याबरोबरचा गाईड आमच्या टेबलाशी आला अन् वाकून अदबीनं विचारतो, "पाहुणे विचारतायत, आपण त्यांचे उस्ताद का?"

हैदरभाईंनी हात जोडले. "नाय साहेब. उस्ताद ती. मी तिच्या ताती वळतो."